पुसलेला ओटा

"ओटा पुसलेला आहे, मावशी. हात नका लावू."

हे मालकीणबाई माझ्या मायला म्हणाल्या. फ्लॅट त्यांचा, विकायला त्यांनीच काढलेला. पाच मिनिटांआधी याच बाईनं मायचा हात धरून ओट्यावर ठेवला होता. "पाहा कसा जाड ग्रॅनाईट आहे, आताच्या बिल्डिंगीत मिळते का असा?" असं विचारलं होतं. तेवढ्या वेळात ओटा काही बदलला नव्हता. माय एक वाक्य बोलली होती, इतकंच.

स्वयंपाकघराच्या भिंतीत एक कोनाडा होता, संगमरवर लावलेला. देवघराचा. मायनं तो पाहिला, खूश झाली आणि म्हणाली, "इथं आपली बुद्धाची मूर्ती मस्त बसते, बाई."

मी मागून तिचा पदर ओढला. हळूच. गप राहा म्हणून.

मालकीणबाईंनी नवऱ्याकडं पाहिलं. नवऱ्यानं खिडकीबाहेर पाहिलं. मग ते ओट्याचं वाक्य आलं. आम्ही निघालो. दारात मायच्या पायात चप्पल सरकवत होते, तर आतून फडक्याचा आवाज. ओला फडका. घासून घासून. पुसलेला ओटा बाई पुन्हा पुसत होती, आम्ही जाईस्तोवर थांबावं एवढीही लाज नव्हती तिला. मला त्या बाईची किळस आली. पण खरं सांगते, जास्त किळस मला माझीच आली. काहून आली, ते सांगायलाच हे लिहून राहिले आहे.

मी सरकारी दवाखान्यात लॅब टेक्निशियन. आधी अकोल्याला होते, मग बदली होऊन अमरावतीला आले. राजापेठेत भाड्यानं राहतो, मी आणि माय. तिसरा मजला, लिफ्ट नाही. मायचे गुडघे गेलेले. भातकुलीकडं दुसऱ्याच्या वावरात जन्मभर वाकून निंदण केलं, ते गुडघे. दवाखान्यात न्यायचं असलं तरच ती खाली उतरते, आणि परत चढताना प्रत्येक वळणावर पायरीवर बसते. मग आठवडाभर खिडकी एके खिडकी. म्हणून मला लिफ्टचा फ्लॅट पाहिजे होता. शौक म्हणून नाही.

फ्लॅट घेताना काय काय पाहावं हे सांगायला लोक तयारच असतात. दवाखान्यातल्या एका सिस्टरनं तर मला कागदावर लिहून दिलं. कारपेट एरिया वेगळा, बिल्टअप वेगळा, फसू नको. भोगवटा प्रमाणपत्र पाहा. पार्किंग तोंडी नको, कागदावर घे. सोसायटीची थकबाकी नसल्याचा दाखला माग. उन्हाळ्यात पाणी किती वेळ येते ते मालकाला नाही, वॉचमनला विचार. मी सगळं केलं. टेप घेऊन खोल्या मोजल्या. नाण्यानं फरशा वाजवून पाहिल्या. बाथरूमची ओल कपाटामागं लपवली होती, ती कपाट सरकवून शोधली. मला वाटलं, आता आपल्याला कोणी येडं बनवू शकत नाही.

हे सगळं केलं त्या पहिल्या भेटीला मी एकटी गेले होते. आडनावावरून आमचं काही कळत नाही. ते इकडं सगळ्यांत असते. मालकीणबाईंनी चहा दिला, पोहे दिले आणि गोडीत विचारलं, "वास्तुशांती कधी ठेवता मग? आमचे गुरुजी आहेत, लय छान सांगतात. नंबर देऊ?"

त्यांनी जात नव्हती विचारली. तसं कोणी विचारतच नाही आता. वास्तुशांती विचारतात, कुलदैवत विचारतात, उपास कोणता धरता ते विचारतात, आणि मग कान टवकारून बसतात.

मी म्हणाले, "हो, द्या ना."

आणि नंबर घेतला. मोबाईलमध्ये सेव्ह केला, त्यांच्यासमोर. गुरुजी वास्तुशांती. आमच्या घरात माझ्या जन्माआधीपासून गुरुजी आलेला नाही. आजोबांनी घरातले देव काढले तेव्हा गावानं त्यांचं पाणी तोडलं होतं, तरी ते हटले नव्हते. आणि त्यांची नात, पगारदार, पोह्याची बशी मांडीवर घेऊन गुरुजीचा नंबर सेव्ह करून राहिली होती.

सवयच होती म्हणा. अकोल्यात खोली शोधताना दोन घरांनी खरं सांगितल्यावर "कळवतो" म्हटलं होतं. तिसऱ्या घरी मी काही सांगितलंच नाही. मिळाली खोली. तेव्हापासून मी स्वतःला हुशार समजत होते. थू.

त्याच संध्याकाळी इसार दिला, पावती घेतली, दोघा नवराबायकोच्या सह्या. दुसऱ्या भेटीला मायला घेऊन गेले. मग ते सगळं झालं.

परत येताना ऑटो केला. घराजवळ आल्यावर माय म्हणाली, "पदर काहून वढला व माहा?"

"कोठं ओढला."

"मले समजत नाई का? लाज वाटली तुले माही?"

"नाई व माय."

"मंग कोनाची वाटली?"

ऑटोवाला आरशातून पाहत होता. मी पैसे काढून त्याच्या हातात दिले. ती तीन मजले चढली, वळणावळणावर बसत, आणि एकदाही तिनं माझा हात धरला नाही.

दुसऱ्या दिवशी मालकाचा फोन. "मॅडम, घरच्याइचा विचार बदलला. इसार वापस घेऊन जा." मी म्हटलं, पावतीवर सह्या आहेत तुमच्या. तर म्हणे, "मंग सेक्रेटरीसाहेबांशी बोला."

सेक्रेटरी म्हणजे रिटायर प्राध्यापक. खाली पार्किंगमध्ये सोसायटीचं ऑफिस आहे, तिथं बोलावलं. मी मायलाही नेलं. ते उठून उभे राहिले, खुर्ची दिली, "या ताई" म्हणाले. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, शिवीला उत्तर देता येते.

"आम्ही जातपात मानत नाही बरं का ताई. माझे कितीतरी विद्यार्थी तुमच्यातले आहेत. पण बिल्डिंगचं एक वातावरण असतं. आपण मधला मार्ग काढू. मूर्ती आतल्या खोलीत ठेवा. दारावर काही लावू नका. तुमचा कार्यक्रम असला, तर पाहुणे हॉलमध्ये बोलवा बाहेर कुठं. एवढं पाळलं तर मी मालकांना समजावतो, सोसायटीची ना हरकतही देतो."

आता सगळ्यात घाण गोष्ट सांगते. मी विचार करायला लागले. आतली खोली पूर्वेची आहे, तिथं उजेड चांगला येते, हॉल काय भाड्यानं मिळते, मायला लिफ्ट मिळेल. मान हलायच्या बेतात होती माझी.

माय म्हणाली, "भाऊ, बाकीच्याइले बी हेच सांगतलं का तुमी? का आमालेच?"

सेक्रेटरी हसले. "मावशी, हे सोसायटीचे नियम असतात. तुम्हाला नाही समजणार."

ते हसू पाहिलं आणि माझी मान जागीच थांबली. म्हातारीनं एका वाक्यात त्याला उघडा पाडला होता, आणि तो तिला समजत नाही म्हणून हसत होता. मी त्याच्याच बाजूनं होते इतके दिवस. त्याला त्रास होऊ नये म्हणून मीच आम्हाला लपवत होते, त्याचं काम मी फुकटात करून देत होते.

मी म्हणाले, "नियम आहेत ना सर? मग लिहून द्या."

"काय?"

"आता जे तीन नियम सांगितले ते. सोसायटीच्या लेटरहेडवर. खाली तुमची सही आणि शिक्का."

"अहो ताई, असं कोणी लिहून देते का? आपसातली गोष्ट आहे."

"आपण आपसातले नाही. तुम्हीच सांगितलं आता."

त्यांचा चेहरा बदलला. ताईची मॅडम झाली. "मॅडम, असा सूर असेल तर तुम्हाला इथं राहणं जड जाईल."

"जाऊ द्या जड," मी म्हणाले आणि मायला उठवलं.

आता दवाखान्यातले आमचेच लोक समजावतात. काहून डोक्याला ताप, पोरी, शहराबाहेर स्कीमा पडल्या आहेत, तिकडं आपलीच वस्ती आहे, सुखानं राहा. मलाही माझ्या लोकांत राहायला आवडते. पण मी कुठं राहायचं ते मी ठरवीन, फडकं घेऊन उभी असलेली बाई नाही ठरवणार. मालकानं इसार परत करायला माणूस पाठवला होता, त्याला दारातूनच वापस लावला. वकिलाची नोटीस मालकाला गेली आहे आणि सोसायटीलाही. सहकारी संस्थांच्या उपनिबंधकाकडं अर्ज टाकला आहे, त्याची पोच माझ्याजवळ आहे. किती वर्षं लागतील माहीत नाही. माय तोवर जिने चढत राहील, हे मला माहीत आहे आणि तिलाही. तिला विचारूनच मी अर्जावर सही केली.

तो फ्लॅट माझ्या नावानं होईल. नाही झाला, तर काहून नाही झाला, हे मालक, मालकीणबाई आणि सेक्रेटरी, तिघांनाही कागदावर लिहून त्याखाली सही करावी लागेल. ती सही घेतल्याशिवाय मी त्यांना सोडत नाही.