मावशीच्या फोटोची सतरा पानं

गिरगावच्या पाडव्याच्या शोभायात्रेत माझ्या मावशीने वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी नऊवारी नेसून मोटारसायकल चालवली, आणि मी तिचे फोटो कागदपत्रं स्कॅन करायच्या अ‍ॅपमधून काढले. एक-दोन नव्हे, सतरा.

याला आता दहा-बारा वर्षं झाली. मी तेव्हा नुकताच कॅमेऱ्यासाठी नावाजलेला एक स्मार्टफोन घेतला होता. त्याचा कॅमेरा पाठीवर उंचवट्यासारखा बाहेर आलेला होता. टेबलावर ठेवला की फोन एका अंगाला कलायचा, खिशात ठेवला की शर्टाला पोक यायचं. ऑफिसात लोक विचारायचे, "खिशात काय रे, डबा?" मला त्या पोकाचाही अभिमान होता.

पण खरा छंद अ‍ॅप्सचा. फुकट मिळेल ते मी उतरवून घ्यायचो. डास पळवणारं एक अ‍ॅप होतं. माणसाला ऐकू न येणारा आवाज काढून ते डासांना हाकलतं म्हणे. दादरच्या घरी आठवडाभर लावून ठेवलं. चौथ्या दिवशी एक डास फोनच्याच काचेवर येऊन बसला. होकायंत्र होतं, त्यावर समुद्र कोणत्या दिशेला आहे ते मी बघायचो, तेही समुद्राकडे तोंड करून. भिंतीवरची चौकट सरळ आहे का ते दाखवणारी, बुडबुड्याची पाणसळ होती. आणि सगळ्यांत लाडकं ते स्कॅनरचं अ‍ॅप. समोर चौकोनी काही दिसलं की ते आपणहून त्याच्या चार कडा धरायचं, बाहेरचं सगळं कापून टाकायचं, वाकडं असेल ते सरळ करायचं आणि काळंपांढरं करून पान म्हणून जपून ठेवायचं. मी विजेची बिलं, रेशनकार्ड, लग्नपत्रिका, जे सापडेल ते स्कॅन केलं. फोन भरत आला तेव्हा त्याच अ‍ॅपमध्ये जाऊन 'मूळ फोटो ठेवू नये' यावर मी स्वतः, शुद्धीत असताना, खूण केली. ही खूण लक्षात ठेवा. मी ठेवली नाही.

मावशी ठाकूरद्वारच्या एका वाडीत राहायची. काका, म्हणजे मावशीचे यजमान, सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले. तोंडी सांगितलेलं ते काहीच ग्राह्य धरत नसत. त्यांची तीस वर्षं जुनी मोटारसायकल वाडीच्या चौकात ताडपत्रीखाली उभी असायची आणि तिची किल्ली त्यांच्या जानव्याला. अगदी खरं सांगतो, जानव्याला.

मावशी दुपारी काका झोपले की शेजारच्या मुलीच्या गाडीवर शिकली. रीतसर परीक्षा देऊन लायसन्स काढलं, काकांच्या पुढ्यात ठेवलं आणि म्हणाली, पाडव्याच्या शोभायात्रेत तुमची गाडी मी चालवणार. काकांनी ते दोन्ही बाजूंनी वाचलं.

"कागद बरोबर आहे," ते म्हणाले. "पण माझी गाडी तुझ्याच्याने चालायची नाही. ठाकूरद्वारच्या नाक्यावर बंद पडणार."

"आणि नाही पडली तर?"

"तर किल्ली तुझी. कायमची."

"लिहून द्या."

"लिहून कशाला? फोटो दाखव. नाका ओलांडताना, गाडीवर तू. फोटो दाखव, किल्ली ने."

मावशी माझ्याकडे वळली. वळणारच. महिनाभर मी त्या घरात येऊन माझ्या कॅमेऱ्याचीच कीर्ती गात होतो.

"काढशील ना रे नीट?"

"मावशी, तुझ्या नथीतले मोती मोजता येतील असा फोटो काढतो."

त्याच उत्साहात मी फोटो लावायला खिळासुद्धा ठोकून दिला. दिवाणखान्यात काकांचा तरुणपणीचा, त्याच गाडीवर बसलेला फोटो होता, त्याच्या शेजारी. पाणसळीचं अ‍ॅप उघडून फोन भिंतीला टेकवला, बुडबुडा मध्ये आणला, पेन्सिलीने खूण केली.

काका खुर्चीतून बघत होते. "एका खिळ्याला लेव्हल कसली रे?"

मी म्हटलं, "तंत्रज्ञान आहे, काका."

पाडव्याच्या सकाळी काका घरीच थांबले. "डोळ्यांदेखत गाडीचे हाल नकोत," असं म्हणून त्यांनी किल्ली जानव्यातून सोडवली आणि मावशीच्या हातात न देता टेबलावर ठेवली. मावशीने ती उचलली, मोरपंखी नऊवारीचा पदर खोचला, फेटा सारखा केला, गॉगल चढवला. हातात पाटल्या आणि त्यांच्या मध्ये हिरवा चुडा. जिन्यात मला म्हणाली, "चेहरा आला पाहिजे हो. बाकी नाही आलं तरी चालेल."

रस्त्यावर ढोल-ताशे, लेझीम, गुलाबी-केशरी फेट्यांची गर्दी. गाडीवाल्या बायकांची रांग सुटायच्या आत मी नाक्यावर जाऊन पोहोचलो. चैत्राचं ऊन फोनच्या काचेवर पडलेलं, पडद्यावर मला फक्त माझंच नाक दिसत होतं. कॅमेरा आणि स्कॅनर या दोन्ही अ‍ॅप्सची पडद्यावरची चित्रं कॅमेऱ्याचीच, आणि हाताशी असावीत म्हणून ती शेजारी शेजारी ठेवलेली मीच. मी अंदाजाने बोट टेकवलं.

वर आणखी शहाणपणा म्हणजे मी उकिडवा बसलो. खालून फोटो घेतला की माणूस भारदस्त दिसतो, असं कुठेतरी वाचलं होतं. मावशीची रांग वळणावर आली. गाडी धडधडत होती, दोनदा खोकली, पण बंद पडली नाही. मी बेडकासारखा मागे मागे सरकत खटाखट बटण दाबत होतो. एक ढोलवाला ओरडला, "ओ भाऊ, उठा! चिरडले जाल आणि आमचं पथक बदनाम होईल!" मावशी नाका ओलांडून माझ्यासमोर आली, मला बघून मोठ्याने हसली, हात हलवला आणि पुढे गेली. तिचं तसं हसणं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. त्यानंतरही फार नाही. माझ्या फोनने तर तेव्हाही पाहिलं नाही.

आम्ही घरी आलो. काका गॅलरीत गुढीजवळ चष्मा लावून तयारच बसले होते.

"बंद पडली?"

"नाही," मावशी म्हणाली.

"दाखव."

मी फोन उघडला. फोटोंमध्ये काहीच नाही. मग स्कॅनरमध्ये एक नवं कागदपत्र दिसलं, पानं सतरा. पहिलं पान उघडलं. त्यावर गाडीच्या नंबराची पाटी होती. स्वच्छ, सरळ, काळीपांढरी. दुसऱ्या पानावर तीच. तिसऱ्यावरही तीच, जरा मोठी, कारण गाडी जवळ आली होती. मी बसलो होतो खाली, पाटी बरोबर समोर, आणि सगळ्या देखाव्यातली तीच काय ती चौकोनी वस्तू. अ‍ॅपने इमानाने तिच्या कडा धरल्या आणि मावशी, फेटा, नथ, गॉगल, अख्खं गिरगाव कापून टाकलं. मूळ फोटो ठेवू नये, हे मीच सांगून ठेवलं होतं.

मावशीने फेटा उतरवून मांडीवर ठेवला.

काकांनी मात्र फोन मागून घेतला आणि एकेक पान फायलीसारखं वाचायला सुरुवात केली. "नंबर बरोबर आहे," ते म्हणाले. "गाडी आपलीच. पण चालवतंय कोण, याचा उल्लेख नाही."

"मी चालवत होते!"

"असशील. कागदावर नाहीस."

मी म्हटलं, "काका, मी साक्षीदार आहे."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

अकराव्या पानाला त्यांचं बोट थांबलं. तिथे नंबराची पाटी नव्हती. नाक्यावरचा नावाचा फलक होता, 'ठाकूरद्वार' अशी ठळक अक्षरं. माझ्या खालच्या कोनामुळे मावशीचा हलवलेला हात नेमका त्या फलकावर आडवा आला होता आणि चौकोनाच्या आत असल्यामुळे कापायचा राहिला होता. मनगट, बांगड्या, पाच बोटं. खाली कडेला गाडीच्या आरशाचा एक तुकडा.

"हा हात कोणाचा?"

मावशी ताडकन उठली. "माझा! पाटल्या बघा. तुम्हीच आणलेल्या."

काकांनी पान मोठं केलं, पाटल्यांवरची नक्षी बघितली, मग मावशीच्या हाताकडे बघितलं. कचेरीत सह्या पडताळताना बघत असतील तसं. आणि मग त्यांचा चेहरा उतरला.

"म्हणजे तू नाक्यावर हँडल सोडलं होतंस?"

"एका हाताने."

"एवढ्या गर्दीत? माझी गाडी?"

"माझी," मावशी म्हणाली. किल्ली तिच्या मुठीत होती. ती तिने परत टेबलावर ठेवलीच नाही.

काकांना ते पान छापून हवं होतं. दुसऱ्या दिवशी मी छापून आणलं. त्यांनी पेन काढलं, समासात 'पाहिले' असं लिहिलं, खाली सही केली, तारीख टाकली, आणि कागद मावशीला दिला. तिने तो चौकट करून माझ्या खिळ्यावर लावला. चौकट डावीकडे कलते. अजूनही कलते.

पुढच्या पाडव्याआधी मी नवा फोन घेऊन तिच्याकडे गेलो. म्हटलं, या वेळी चेहरा घेतो, अगदी जवळून, पैज लाव. मावशी गाडी पुसत होती. फडकं पिळत म्हणाली, "फोन घरी ठेव. आणि त्याने काही उद्योग करू नयेत म्हणून त्याच्याजवळ तूही थांब."