करडईच्या दोन ओळी

रविवार, ६ जानेवारी १९७४. बिबवेवाडीच्या शिवारफेरीत हार पडला तो खडकीच्या फवारणीवाल्या हमीदच्या गळ्यात. गव्हासाठी तणनाशक सुचवणाऱ्या कृषी पदवीधर श्यामसुंदर यांचे नावही कोणी घेतले नाही. हे येथे नोंदवून ठेवले पाहिजे.

सदाशिव पेठेतून सायकल हाणत श्यामसुंदर दोन वर्षे त्या शिवारात जात होते. त्यांनी सुचवलेले टू-फोर-डी हे झाडांच्या वाढीच्या रसायनासारखे औषध. रुंद पानांच्या तणांची वाढ त्याने बेताल होते, देठ पिळवटतात आणि झाड मरते. गहू मात्र ते आपल्या अंगात मोडून टाकतो. एवढे सारे त्यांनी समजावले. हमीदने फक्त पंप पाठीवर घेतला. तरी गव्हातले चाकवताचे तण सुकल्यावर शेताचा मालक गेनबा म्हणाला, "हमीदभाईच्या हाताला गुण हाय!"

तो 'गुण' श्यामसुंदरांच्या घशात वर्षभर अडकून राहिला.

पुढच्या डिसेंबरात गेनबाने परस्पर हमीदलाच बोलावले. श्यामसुंदर बिनबोलावता गेले. या खेपेस गव्हाच्या कडेने करडईच्या दोन ओळी होत्या. घरच्या तेलासाठी गेनबाच्या बायकोने, सरुबाईंनी पेरलेल्या.

"भाऊसाहेब, ह्या करडईला काय हुणार न्हाई न्हवं?" सरुबाईंनी श्यामसुंदरांना विचारले.

करडई रुंद पानांची. उत्तर त्यांच्या ओठांवर होते. तेवढ्यात बांधावरून गेनबा ओरडला, "हमीदभाई, आधी चहा घ्या, मग पंप!"

"अहो, गुणाचा हात आलाय ना? त्यांनाच विचारा," श्यामसुंदर म्हणाले.

हमीद हसून म्हणाला, "वहिनी, गेल्या वर्षी तण गेलं, पीक राहिलं. पिकाला काही होत नाही."

औषधाला पीक आणि तण यांतला फरक कळत नाही. त्याला पानाची जात कळते. हे वाक्य श्यामसुंदरांनी गिळले आणि सायकलवर टांग मारली.

फवारणीनंतर आठवड्याने श्यामसुंदर पुन्हा आले, तेव्हा करडईच्या माना पिळवटल्या होत्या. हमीद सरुबाईंसमोर मान खाली घालून उभा होता. "चूक माझी, वहिनी. ठाऊक नसताना बोललो."

"असू द्या," गेनबा म्हणाला, "म्होरच्या साली कडंच्या वळी सोडून मारा."

"म्हणजे पुन्हा यांनाच बोलावणार?" श्यामसुंदरांना राहवले नाही.

सरुबाईंनी वाळलेले एक रोप उपटून त्यांच्यापुढे धरले. "त्यांना ठाव नव्हतं. तुमास्नी हुतं का?"

श्यामसुंदरांनी घड्याळ पाहिले आणि सायकल वळवली. हारही हमीदला, क्षमाही हमीदलाच. आजही हे त्यांना सलते.

तेव्हा वाचकहो, मागणी एवढीच: पंप भरण्याआधी शेतात आणखी काय पेरले आहे ते पाहा, आणि जाणकाराला विचारा. तो उत्तर टाळू लागला, तर त्याची सायकल अडवा आणि बोलल्याशिवाय त्याला जाऊ देऊ नका.