विनेटमधली डावीकडची जागा

साताऱ्यातले फोटो स्टुडिओवाले ज्याला विनेट म्हणत, तसा फोटो सहसा जिवंत माणसाचा करत नसत. तसा लेखी नियम कुठे नव्हता. पण मधोमध चेहरा, खांद्यापाशी सगळं विरत गेलेलं आणि भोवती नुसतं पांढरं, असा फोटो भिंतीवर दिसला की पाहुणा आपोआप आवाज खाली आणून विचारी, "कवा गेलं?"

मी तेव्हा सांगलीला कॉलेजात होते आणि फ्रेंच घेतलं होतं, त्यामुळे मला जरा जास्तच अक्कल आली होती. हा शब्द मुळात फ्रेंच आहे असं कळल्यावर मी सुट्टीत घरादाराला पकडून ते ऐकवलं. तिकडे त्याचा अर्थ द्राक्षाची लहानशी वेल. जुने छापखानेवाले पुस्तकाच्या पानाकडेला वेलबुट्टी काढायचे, तिला हे नाव. पुढे चौकट नसलेल्या, कागदात हळूहळू मिसळून जाणाऱ्या चित्रालाही तेच नाव पडलं आणि फोटोवाल्यांनी ते उचललं. इंग्रजीत एखाद्या माणसाचं आगापिछा नसलेलं, चार ओळींतलं वर्णन म्हणजेही तेच. युरोपात काही ठिकाणी रस्त्याचा कर भरला की मोटारीच्या काचेवर एक चिठ्ठी चिकटवतात, तिलाही तेच म्हणतात, हे मला फार पुढे समजलं. एवढा हिंडलेला शब्द आमच्या माण तालुक्यात मात्र एकाच कामाला लागला होता. माझं सगळं ऐकून आई म्हणाली, "येल हाय, तर मग पांढरी का गं?"

आई हे विचारत होती त्याला कारण होतं. माझा थोरला भाऊ एकाहत्तरच्या युद्धात बेपत्ता झाला होता. गेल्याची तार कधी आलीच नाही. आबा, म्हणजे माझे वडील, स्वतः फौजेतून निवृत्त झालेले. त्यांनी दोन-तीन वर्षं वाट पाहिली आणि मग ठरवलं, की येत्या पितृपक्षात दादाच्या नावाने पान वाढायचं. "पोरगं उपाशी हिंडत आसंल," एवढंच ते म्हणाले. पान वाढायचं तर फोटो हवा, आणि फोटोला हार. हार चढला की वहिनीचं कुंकू जाणार, बांगड्या फुटणार. घरात हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कोणी बोलत नव्हतं. वहिनी माझ्याहून थोडीच मोठी. मला भयंकर संताप येई, पण आबांपुढे तोंड उघडायची माझी छाती नव्हती.

दादाचा एकट्याचा धड फोटो नव्हता. लग्नानंतर साताऱ्यात जोडीने काढलेला तेवढा होता. त्यात दादा खुर्चीत बसलेला आणि आपण बघताना त्याच्या डाव्या बाजूला वहिनी उभी, हात खुर्चीच्या पाठीवर. त्याची निगेटिव्ह स्टुडिओत होती. आबांनी मला धाडलं. वहिनी आपणहून चपला घालून निघाली.

फोटोग्राफर म्हातारा आणि भला माणूस. आम्ही विचारलं तर त्याने आम्हाला डार्करूममध्येही येऊ दिलं. तिथल्या एका पुठ्ठ्याला मधोमध अंड्याच्या आकाराचं भोक होतं, त्याच्या कडा दातेरी कातरलेल्या. तो पुठ्ठा उजेड आणि कागद यांच्यामध्ये धरून तो हलकेच हलवत राहिला. मग कागद ट्रेमध्ये टाकला. आधी दादाच्या मिशा आल्या, मग डोळे, मग तो सगळाच आला. बाजूला काहीच आलं नाही.

वहिनी त्या पांढऱ्याकडेच बघत होती.

"वन्सं, मी हितं हुते न्हवं?"

"हो."

"मग मी गेले कुटं?"

फोटोग्राफर म्हणाला, "बाई, निगेटिव्हमध्ये तुम्ही आहातच. तुमच्यावर उजेड पडू दिला नाही, एवढंच."

मी वहिनीकडे वळून पाहिलं. तिथे लाल दिवा होता. त्या लाल उजेडात तिच्या कपाळावरचं कुंकू दिसत नव्हतं. कपाळ अगदी मोकळं होतं. मी तिला दंडाला धरून बाहेर उन्हात आणलं, आणि कुंकू जागच्या जागी दिसलं तेव्हा मला रडू आलं.

फोटो घराच्या पुढच्या सोप्यात लागला. त्या दिवसापासून वहिनी दिवेलागणीला त्याच्या डाव्या बाजूला भिंतीला पाठ लावून उभी राहू लागली. एक हात जरा वर, खुर्चीच्या पाठीवर ठेवावा तसा. थोड्या वेळाने आपली चुलीकडे जायची, भाकरी थापायची. आईने म्हसवडहून सिद्धनाथाचा अंगारा आणून तिला लावला. माझी अक्कल आणि माझं फ्रेंच दोन्ही बाजूला राहिलं. त्या वेळेला मी सोप्यात पाऊल टाकत नसे.

पितृपक्षातल्या त्या दिवशी आबा अंघोळ करून, शेवंतीचा हार घेऊन फोटोपुढे आले. वहिनी आपल्या जागी उभीच होती. आई दाराआड पदर तोंडात धरून होती. आबांनी हात वर केले.

"मामंजी," वहिनी म्हणाली, पीठ संपल्याचं सांगावं इतक्या साध्या आवाजात. "आवं, ह्यो हार ल्हान पडंल."

"का गं?"

"आत आमी दोगं हाय."

आबांचे हात तसेच वर राहिले. त्यांनी त्या पांढऱ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे, मग पुन्हा पांढऱ्याकडे. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. आबांना रडताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं. शेवटी त्यांनी हार खाली घेतला आणि देव्हाऱ्यातल्या देवाला घातला. त्या दिवशी पान वाढलं ते आजोबांच्या नावाचं.

दादा आला नाही. वहिनीचं कुंकू राहिलं, आणि त्या फोटोला हार कधी चढला नाही. पुढे घरातलं प्रत्येक माणूस तिथून जाताना डावीकडची तेवढी जागा सोडून जाऊ लागलं. मीसुद्धा. एकदा भर सकाळी आई सोपा झाडत होती. फोटोपाशी आली, थांबली आणि म्हणाली, "सर बाई जरा, केर काढू दे."

वहिनी तेव्हा विहिरीवर गेली होती. आई क्षणभर थांबली आणि मग तिने तिथला केर काढला.