तात्यांचा पेसामे

स्पॅनिशचा नवा शब्द शिकवला, की तात्यांचा एकच प्रश्न ठरलेला असे, "अर्थ ऱ्हाऊ द्या बाई. ह्यो म्हणायचा कुणाला?" अर्थ घोकणारे विद्यार्थी मी ढीगभर पाहिले; असं विचारणारे हे एकटेच.

विट्याहून एस.टी.ने ते सांगलीला माझ्याकडे शिकवणीला येत. उभा जन्म कोईमतूरला सोनं गाळण्यात गेलेला, तमिळ भाषा दुकानात बसल्या बसल्या आलेली. त्यामुळे परक्या भाषेची भीती नव्हती. मुलगा संजय स्पेनमध्ये रमला, तिथल्याच लुसियाशी त्याने लग्न केलं. "सुनंशी बोलाय नगं व्हय?" एवढ्यासाठी सत्तरीत हा खटाटोप. उच्चारांचा सगळा आनंदच होता. मी हसायची, तेही हसायचे.

मग एका सकाळी संजय तिकडेच हृदयविकाराने गेला. तात्यांना व्हिसा मिळेपर्यंत तिकडे अंत्यसंस्कारही आटोपले होते.

तेरावं झाल्यावर तात्या आले. पाणीसुद्धा घेतलं नाही.

"मयताच्या घरी जाऊन त्यांच्यात काय म्हणत्यात?"

"पेसामे. तुमच्या दुःखात सहभागी आहे, असा औपचारिक शब्द आहे. पण तात्या, तो बाहेरच्यांनी म्हणायचा असतो. मुलगा तुमचा गेलाय; हा शब्द लोकांनी तुम्हाला म्हणायचा."

"आमच्या दारात आख्खं गाव येऊन बसलं," ते म्हणाले. "तिचा नवरा गेलाय, आन सासरचं एक माणूस तिकडं फिरकलं न्हाई. आमी न्हाई जायचं, तर कुणी जायचं?"

मी पूर्ण वाक्य शिकवलं आणि लुसियाला व्हिडिओ कॉल लावला. तात्यांनी टोपी सारखी केली. "लुसिया, मि मास सेंतिदो पेसामे." एवढं बोलून, आपल्याकडे दुखवट्याला बसतात तसे ते मान खाली घालून गप्प बसले. नेटवर्क गेलं असं वाटून ती दोनदा हाका मारत राहिली. आमच्यात असंच बसतात, हे मी तिला स्पॅनिशमध्ये सांगितलं. तेव्हा तीही खुर्ची ओढून समोर बसली.

दुखवट्याच्या घरातून उठताना 'येतो' म्हणत नाहीत. तात्याही काही न बोलता उठले, चपला घातल्या. लुसिया पडद्यावर तशीच बसून होती.

दारातून ते हळूच म्हणाले, "बाई, फोन लगीच बंद करू नगा. एकटीच हाय ती."