बॅलट म्हणजे गोळी

एका इंग्रजी शब्दाचा अर्थ मनावर घेऊन घरातली भाजीसुद्धा गुप्त मतदानाने ठरवणारा माणूस अख्ख्या दिग्रसमध्ये एकच. आणि तो नेमका माझा शेजारी असावा, या धक्क्यातून मी अजून सावरलेलो नाही. इंग्रजी शिकवून निवृत्त झालेल्या या सरांना मी मतदानाच्या रांगेत सहज विचारलं, "सर, बॅलट म्हणजे कागद ना?" सर माझ्याकडे बघतच राहिले. "अबे, कायचा कागद? बॅलट म्हणजे गोळी. इटलीत लोक पेटीत लहानशी गोळी टाकून मत देत. गोळी गेली, कागद आला, आता मशीन आली. शब्द गोळीचाच राह्यला." 'गोळी' ऐकून बंदोबस्ताचा हवालदार धावत आला. त्यालाही सरांनी व्युत्पत्ती समजावली.

दुसऱ्या दिवशी सरांच्या ओट्यावर पितळी गडवा आला. 'हो'साठी तुरीचा दाणा, 'नाही'साठी सरकी; मूठ झाकून एकच आत टाकायचं. घरात माणसं दोन, सर आणि काकू. कोणी काय टाकलं ते न सांगता कळे, तरी सर मोजणीआधी खिडकी लावून घेत. 'आज वांगी करायची का' यावर सलग चार दिवस बरोबरी झाली आणि दोघांनी नुसतं वरण-भात खाल्लं. तेव्हा तिसरा मतदार म्हणून मला बोलावण्यात आलं.

मग एक दिवस प्रश्न निघाला, घर बंद करून नागपूरला लेकीकडे कायमचं जायचं का? काकूंचे गुडघे गेले होते, त्यांना जायचं होतं. सर दोन वर्षं "मी नाही येत" एवढंच म्हणत होते. म्हणजे सगळं माझ्यावर आलं. मला सर शेजारी हवे होते. मी सरकी टाकली.

सरांनी गडवा उपडा केला. तुरीचे दोन दाणे, सरकी एक.

सरकी तर माझी होती. सर मान खाली घालून गडवा पुसत होते. "निकाल लागला. आता जा लागते," एवढंच म्हणाले. काकूंनी माझा हात धरला. "भाऊ, तुम्हीच मले समजून घेतलं. यायनं जन्मात माह्या मनासारखं मत नाही टाकलं." मी तोंड उघडणार, तोच सर म्हणाले, "मत गुपित असते, भाऊ."

परवा त्यांचा नागपूरहून फोन आला. "काहून, सांगतलं तर नाही ना कोनाले?"

"नाही, सर."

पण काकूंचं ते वाक्य मला सलतं. म्हणून सरांचा नियम आज पहिल्यांदा मोडतो आहे. काकू, तो दुसरा दाणा सरांचा होता.