ब्लॅककरंटचं घट्ट सरबत

बाबांना पक्षाघाताचा झटका आला तेव्हा ते दाढी करत होते. अर्ध्या गालाला साबण तसाच, आणि आरशात बघत ते काहीतरी बोलायची धडपड करत होते. हॉस्पिटलमधून घरी आले तेव्हा उजवा हात गेला होता, बोलणं जड झालं होतं. पण आम्हाला सगळ्यात अवघड गेलं ते वेगळंच. त्यांना पाणी प्यायला बंदी होती.

भात नको, चपाती नको, हे मला समजत होतं. पण पाणी? गिळण्याचे व्यायाम करून घ्यायला घरी येणाऱ्या थेरपिस्ट मॅडमनी मला नीट सांगितलं. "पाणी फार पटकन धावतं. यांचा घसा तेवढ्या लवकर मिटत नाही, मग ते श्वासनळीत उतरतं. घट्ट असलं की सावकाश जातं, घशाला वेळ मिळतो." त्यासाठी एक पांढरी पावडर होती. पाण्यात ढवळली की पाणी मधासारखं व्हायचं.

बाबांनी पहिला चमचा तोंडात घेतला आणि बाहेर काढला.

"शेंबूड," ते म्हणाले.

झटक्यानंतर इतका स्पष्ट शब्द मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकला.

त्यांचा जन्म शिवडीच्या गोदामात मुकादमी करण्यात गेला. उन्हात उभं राहून ट्रक भरून घ्यायचे आणि करी रोडला घरी आले की दारातच तांब्याभर पाणी घशात ओतायचे. पाणी पिताना त्यांचा कंठ खालीवर होई, तो आवाज आतल्या खोलीत ऐकू यायचा. मग चपला काढायच्या, मग बोलायचं. अशा माणसाला आम्ही चमच्याने खळ भरवत होतो. पावडरीत कोकम घातलं, लिंबू घातलं. ते ओठ घट्ट मिटून भिंतीकडे बघत राहायचे.

एका दुपारी मी ऑफिसात होतो आणि आईने त्यांना पेल्यातून पाणी पाजलं. मला ते कळलं दोन-तीन दिवसांनी. बाबांना ताप भरला, छातीत घरघर सुरू झाली आणि त्यांना पुन्हा ॲडमिट करावं लागलं. डॉक्टरांनी विचारलं, "साधं पाणी दिलंत का कोणी?" मी नाही म्हणणार इतक्यात आई पुढे झाली.

"मी दिलंय," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "एकाच हातान माका नमस्कार केल्यानी रे. मी काय करतलंय?"

आई बाहेरच्या बाकावर पदराचं टोक मुठीत धरून बसून राहिली. कँटीनमधून मी पाण्याची बाटली आणली, ती तिने मांडीवर आडवी ठेवली, उघडली नाही.

बाबा त्यातून वाचले. घरी आले ते आणखी हलके होऊन. त्यानंतर आमच्या घरात कोणी त्यांच्यासमोर पाणी प्यायलं नाही. तांब्या-भांडं स्वयंपाकघराच्या आतल्या ओट्यावर गेलं. जेवताना घास अडकला तरी मी उठून आत जायचो. पाहुणे आले की आई त्यांना आधी आत बोलवायची, काहीतरी दाखवायच्या निमित्ताने, आणि तिथेच पाणी द्यायची.

पण बाबांच्या पोटात काहीतरी जायला हवं होतं. त्यांची जीभ कोरडी पडायची, लघवी कमी झाली होती. मॅडम म्हणाल्या, "असंच चाललं तर पुन्हा नळी घालावी लागेल." नाकातली नळी बाबांनी हॉस्पिटलात एकदा ओढून काढली होती.

त्या दिवसांत लोअर परळच्या ऑफिसात जेवायला बसल्यावर मी हे शेजारच्या टेबलावरच्या बाईंना बोलून गेलो. त्या घरी केक, जॅम असं काय काय करायच्या. त्यांनी विचारलं, "ब्लॅककरंट बघितलंत का शिजवून? माझ्याकडे नुसतं उकळलं तरी दाट होतं. जॅमसाठी वेगळं काही घालावं लागत नाही त्यात." मला ब्लॅककरंट म्हणजे आईस्क्रीमचा एक प्रकार एवढंच माहीत होतं. त्यांनीच दुकान सांगितलं. तिथल्या फ्रीझरमध्ये गोठवलेल्या फळांची पिशवी मिळाली. बारीक, काळी, करवंदाहून लहान फळं.

बाबांना रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू होत्या, म्हणून आधी डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, रोज वाटीभर चालेल, साखर मात्र घालू नका.

आई ओट्यापाशी येऊन उभी राहिली. "ह्यां काय? जांभळां?"

"त्यातलंच काहीतरी."

थोड्या पाण्यात फळं उकळली तशी ती फुटली आणि पातेलं गडद जांभळं झालं. साखरेऐवजी एक सफरचंद उकडून त्यात कुस्करलं. मग सगळं बारीक चाळणीवर घासून गाळलं. साली आणि बिया वर राहिल्या, खाली गुळगुळीत रस उतरला. गार झाल्यावर बघितलं तर तो एवढा आळला होता की चमचा उभा राहत होता. गरम पाणी घालून मी तो सैल केला. तर तो फारच सैल झाला. पहिल्या दिवशी तो बाबांपर्यंत पोचलाच नाही.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी चमचा बुडवून वर धरला. "हं. आता मधासारखं पडतंय. रोज असंच झालं पाहिजे, आणि नाही झालं तर द्यायचं नाही." मग त्यांनी स्वतः बाबांना ताठ बसवलं, हनुवटी जरा खाली घ्यायला लावली आणि अर्धा चमचा जिभेवर ठेवला.

बाबांचे डोळे मिटले गेले. मी त्यांच्या गळ्याकडे बघत होतो. कंठ वर गेला, थांबला, खाली आला. खोकला आला नाही.

"आंबट चवीने काही जणांना गिळायची ऊर्मी लवकर येते," मॅडम हळू आवाजात म्हणाल्या.

बाबांनी डावा हात वाटीकडे नेला. "आणि," ते म्हणाले. त्यांना आणखी हवं होतं.

आई आत निघून गेली. बऱ्याच वेळाने बाहेर आली आणि पदराने त्यांचे जांभळे झालेले ओठ पुसले.

मग ते माझं रोजचं काम झालं. ऑफिसला जायच्या आधी मी रस गाळायचो, बाटलीत भरून ठेवायचो. आई ठरल्या वेळी चमच्याने द्यायची. तो आत गेला की दिवसभरातलं पावडरीचं पाणीही ते कसंबसं घ्यायला लागले, नाराजीने का होईना. नळी टळली. मी लहान असताना बाबा माझ्याशी फारसे बोलत नसत, आता बोलू शकत नव्हते. पण सकाळी पातेल्यात फळं फुटायला लागली की ते पलंगावरून स्वयंपाकघराच्या दिशेने मान वळवून बसायचे.

असं जवळजवळ वर्ष गेलं. मग दुसरा झटका आला, पहिल्याहून मोठा. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. संध्याकाळी श्वास लांबत गेला तशी शेजारच्या काकींनी देवघरातली गंगाजलाची छोटी लोटी आईच्या हातात दिली आणि तुळशीचं पान. आईने पळी भरली. ती बाबांच्या ओठांशी नेली आणि थांबली. तिने माझ्याकडे बघितलं.

"देऊ काय रे?"

मी मान डोलावली. तिने पळी रिती केली. पाणी ओठाच्या कोपऱ्यातून उशीवर ओघळलं, थोडं आत गेलं असेल. ते गेले तेव्हा त्यांचं डोकं आईच्या हातावर होतं.

दिवस-कार्य उरकल्यावर आईने फ्रीज पुसायला काढला. वरच्या कप्प्यात अर्धी पिशवी उरली होती. टाकून देऊ का, असं तिने विचारलं. मी म्हटलं, नको. फळं उकळली, गाळली, पण या वेळी माठातलं पाणी भरपूर घालून पातळच केलं आणि दोन पेल्यांत ओतलं. आईने ते आजवर कधी चाखलं नव्हतं. तिच्या लेखी ते औषध होतं, आजारी माणसाचं.

एक घोट घेऊन तिने डोळे बारीक केले.

"केवढां आंबट ह्यां," ती म्हणाली. पेल्यात बघत राहिली. "आणि ते एकदाय बोलूक नाय."

मग तिने ते सगळं संपवलं.