चिमूटभर रुई आणि तीन रस्ते

चिमूटभर रुई हवेत सोडायची, ती कुठे जाते ते एक डोळा मिटून पाहायचे आणि मग कामाला लागायचे. अकोल्याच्या आमच्या कापूस प्रेसमध्ये रुईची प्रत ठरवणाऱ्या त्या पोराचा दिवस असा सुरू होई. मी तिथे हेडक्लार्क. भातकुलीकडचा हा शेतकऱ्याचा मुलगा अमरावतीला इंटरपर्यंत शिकला होता.

"रोज वारा पाहून काय मिळतं रे तुला?" मी एकदा विचारले.

"भाऊसाहेब, मले इमान चालवाचं हाये. प्रवाशाइचं."

तुम्ही हसाल. मीही हसलो. पण तो गंभीर होता, म्हणून मी कागद घेतला, उभ्या रेघा मारल्या आणि वैमानिक होण्याचे तीन रस्ते मांडले. विलायतेची शाळा: महायुद्धाच्या लढाईमुळे समुद्र बंद. मुंबईचा फ्लाइंग क्लब: तिथे तासागणिक पैसे, घरची जमीन सहा एकर. तिसरा, हवाई दलात भरती.

"शिकवणार सरकार, पण जिवाची जोखीम आहे," मी म्हणालो.

"जोखीम घेतो. लढाई सरली का कंपन्याइले उडवणारे लागतीनच ना!" मग कागदावर बोट ठेवून म्हणाला, "सारं बराबर हाये. पण तुमच्या हिशोबात वारा नाई."

हे त्याचे ठरलेले वाक्य. मी कसलाही आकडा सांगितला की तो हेच ऐकवी.

अर्ज भरताना घात झाला. शाळेच्या दाखल्यावरचे वय मी दोनदा मोजले. भरतीची मर्यादा तो सात महिन्यांपूर्वीच ओलांडून बसला होता. त्याने त्या दिवशी रुई उडवली नाही.

रविवारी आम्ही दोघे त्याच्या गावी गेलो. वडील ओट्यावर बसले होते. वयाचे विचारले तर सहज म्हणाले, "चुलतभावासंगं एकाच वर्गात बसंन, दोघं संगं जातीन-येतीन, म्हून मास्तरले म्हटलं, याचं वय दोन वर्सं वाढवून लिवा. वाटंत नाला होता ना."

नाल्याच्या भीतीने वाढवलेली दोन वर्षे आता आभाळ अडवून बसली होती!

आम्ही अमरावतीची तहसील गाठली. गावातले जन्म-मृत्यू ज्यात नोंदतात ते कोतवाल बुक निघाले. नोंद सापडली, पण तिथे नुसते 'मुलगा झाला' एवढेच.

"यात नाव कुठाय?" कारकून म्हणाला.

तिथे माझा स्वभाव कामी आला. मी त्याच बापाच्या सगळ्या नोंदी काढायला लावल्या. वर एक मुलगी, ती याची थोरली बहीण; खाली एक मुलगा, तो धाकटा भाऊ; दोघांच्या मध्ये एकच जन्म. "मधला हाच. दुसरा असेल तर दाखवा." कारकुनाने तीनदा पाने उलटली आणि नक्कल दिली. मर्यादेला अजून सतरा महिने शिल्लक होते. तहसिलीच्या पायऱ्यांवर त्या पोराने मला उचलले. माझी टोपी पडली.

भरतीच्या अर्जावर संमतीची सही करण्याआधी वडिलांनी एवढेच विचारले, "वापस येशीन ना?"

"येतो. वरून."

तो गेला. लढाई संपली. मध्ये चार-पाच पत्रे आली, प्रत्येकात उड्डाणाचे एकूण तास माझ्यासाठी बेरीज करून. शेवटच्या कार्डात निघण्याची वेळ, विमानाचा वेग आणि खाली: "गुरुवारी सकाळी प्रवासी घेऊन मुंबईहून नागपूरला. तुमच्या डोक्यावरून जाईन. किती वाजता, ते तुम्ही काढा."

मी नकाशावर पट्टी ठेवून काढले. नऊ वाजून चार मिनिटे. प्रेसचे सगळे लोक आवारात जमले. नऊ-चार झाले. नऊ-आठ झाले. "भाऊसाहेबाइचा हिशोब चुकला!" कोणीतरी ओरडले. मी घड्याळावरून डोळे काढले नाहीत.

नऊ-तेराला पश्चिमेकडून घरघर आली. रुळांच्या रेषेवरून ते चंदेरी विमान आले आणि माना वर करून आम्ही सगळे वेड्यासारखे हात हलवत राहिलो. क्षणात ते बडनेऱ्याच्या बाजूला दिसेनासे झाले.

नऊ मिनिटे कुठे गेली? मी ढिगातून चिमूटभर रुई घेतली, एक डोळा मिटला आणि सोडली. ती सरळ पश्चिमेला, शेगावकडे गेली. वारा पूर्वेचा होता, त्याच्या अगदी समोरचा.